एका गावाचा केसपेपर

आपल्या व्यवसायातील मंडळी फावल्या वेळात काय वाचतात, हे पाहायचे असेल तर डॉक्टरांच्या स्मरणिकांचे जुने अंक चाळावेत. आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, ज्ञानेश्वरी, पुलं आणि शास्त्रीय संगीत या विषयांभोवती आपले लेखन बहुधा फिरत असते. भुताखेतांच्या कादंबऱ्यांना तेथे स्थान नसते. पंचवीसहून अधिक वर्षे मुले तपासणाऱ्या बाईने अशा कादंबरीवर लेख लिहावा, हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच हे धाडस करीत आहे. माझी बाजू एवढीच, की ज्या कादंबरीविषयी लिहीत आहे, ती मला भुताची गोष्ट म्हणून जेवढी आवडली, त्याहून अधिक ती एका गावाची 'हिस्टरी' म्हणून भावली. आपण रुग्णाची हिस्टरी घेतो, तशीच ती घेतलेली आहे. त्यातला रोग काल्पनिक आहे. परंतु तो गावभर पसरेपर्यंत कोणाच्या लक्षात कसा आला नाही, याचे वर्णन मात्र काल्पनिक वाटत नाही.

ही कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट'. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. आदल्याच वर्षी किंग यांची 'कॅरी' ही पहिली कादंबरी आली होती. लेखक होण्यापूर्वी ते मेन राज्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवीत, आणि ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी वर्गात शिकविण्याचा योग त्यांना आला होता. ड्रॅक्युला विसाव्या शतकातील अमेरिकेत आला तर काय होईल, अशी चर्चा एकदा घरी जेवताना निघाली. न्यूयॉर्कला उतरला तर टॅक्सीखाली सापडून मरेल, असा विनोदही झाला. पण तो मोठ्या शहराऐवजी एखाद्या लहानशा गावी आला तर? या प्रश्नातून कादंबरी जन्मली.

गावाचे पूर्ण नाव जेरुसलेम्स लॉट. नाव पवित्र, पण त्यामागची कथा मोठी मासलेवाईक आहे. टॅनर नावाच्या शेतकऱ्याची जेरुसलेम नावाची डुकरीण रानात पळाली आणि माजली. तो मुलांना बजावू लागला, की जेरुसलेमच्या रानात जाऊ नका. तेच नाव गावाला चिकटले. वस्ती जेमतेम तेराशेची. एक शाळा, एक कॉन्स्टेबल, एक बार, टेलिफोनवर अखंड बोलणाऱ्या दोन-चार बायका, आणि टेकडीवर मार्स्टन हाउस नावाचा, कधीकाळी खून आणि आत्महत्या घडलेला ओसाड वाडा. बेन मिअर्स नावाचा लेखक लहानपणीच्या या गावी परततो, त्याच सुमारास दोन परके गृहस्थ तो वाडा विकत घेतात आणि जुन्या फर्निचरचे दुकान थाटतात. त्यांपैकी एक दिवसा दिसतो. दुसरा कोणालाच दिसत नाही.

पुस्तक पन्नास वर्षांचे झाले, त्यामुळे वाड्यात कोण राहावयास आले आहे हे सांगितल्याने फारसा रसभंग होणार नाही. १९७९ साली त्यावर दूरदर्शन मालिका निघाली, २०२४ साली नवा चित्रपटही आला. शेवट मात्र मी राखून ठेवते.

लक्षणांचा क्रम

किंग यांची कथनपद्धती आपल्याला ओळखीची वाटेल अशी आहे. आधी सुटी सुटी लक्षणे दिसतात. दफनभूमीच्या फाटकावर एक मेलेला कुत्रा लटकावलेला आढळतो. पुढे बारा वर्षांचा डॅनी ग्लिक आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ राल्फी संध्याकाळी रानातल्या पायवाटेने मित्राकडे निघतात. डॅनी एकटाच परततो, आणि त्याला काही आठवत नाही. काही दिवसांनी तो कोसळतो. त्याला रुग्णालयात नेतात. रक्ततपासणीत तांबड्या पेशी धक्कादायक रीतीने कमी निघतात, आणि डॉक्टर पर्निशस ॲनिमियाचा विचार करतात. मुलगा सुधारू लागतो, आणि एका रात्री अचानक मरतो. त्याला पुरणारा तरुण आजारी पडतो, तोही रात्रीतून मरतो. मग मुलाची आई जाते. फिकटपणा, थकवा, उजेड नकोसा होणे, आणि मग मृत्यू. प्रत्येक प्रसंग स्वतंत्रपणे पाहिला तर त्याला काही ना काही स्पष्टीकरण आहे. सर्व प्रसंग एका कागदावर कोणी मांडीत नाही, आणि तोवर आठवडा उलटतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी डॅनीच्या निदानापाशी अडखळले. पर्निशस म्हणजे घातक. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या पांडुरोगाचे वर्णन केले, तेव्हा तो खरोखरीच घातक होता. मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये यकृत खाऊ घालून रुग्ण वाचवून दाखविले, व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आले. जठरातील इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या अभावामुळे होणारा हा रोग बारा वर्षांच्या मुलात विरळाच. म्हणजे डॉक्टरांनी नाव दिले, पण ते नाव त्या मुलाला नीट बसत नव्हते. न बसणारे नाव देऊन केसपेपर मिटविण्याचा मोह कोणत्याही देशातल्या डॉक्टरला होऊ शकतो.

आपल्याकडे बी-१२ ची उणीव बहुधा वेगळ्या वाटेने येते. शाकाहारी आईच्याच शरीरात ते कमी असते, बाळ केवळ अंगावर पिते, आणि सात-आठ महिन्यांचे झाले की मलूल होते. हसणे विसरते, बसायला लागलेले बाळ पुन्हा बसेनासे होते, बोटांची पेरे काळवंडतात, काही बाळांचे हातपाय थरथरतात. माळव्यात अशी बाळे मी पुष्कळ पाहिली. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या कपाळाला आणि तळपायाला काजळाची तीट असे, कारण हसरे बाळ एकाएकी विझले तर घरच्यांना दृष्ट लागल्याखेरीज दुसरे काय सुचणार? बी-१२ ची इंजेक्शने सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत ते मूल आईकडे पाहून हसू लागते. तो क्षण पाहिलेल्या कोणालाही हे पटेल, की दृष्ट काढणाऱ्या आजीचे निरीक्षण अचूक होते. तिचे केवळ कारण चुकले होते.

एक्सेटर, १८९२

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण किंग यांची कथा ज्या भूमीत घडते, त्या न्यू इंग्लंड प्रदेशात असेच एक प्रकरण प्रत्यक्ष घडलेले आहे. ऱ्होड आयलंड राज्यातील एक्सेटर हे एक शेतकरी गाव. जॉर्ज ब्राउन यांची पत्नी १८८३ मध्ये क्षयाने वारली, पुढच्या वर्षी थोरली मुलगी गेली. मग मुलगा एडविन खंगू लागला. हवापालटासाठी तो कोलोरॅडोला जाऊन आला. दरम्यान एकोणीस वर्षांची मर्सी आजारी पडली आणि जानेवारी १८९२ मध्ये तीही गेली. शेजाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की मेलेल्यांपैकी कोणीतरी जिवंतांचे रक्त शोषीत आहे. वडिलांचा यावर विश्वास नव्हता, पण शेजाऱ्यांपुढे त्यांचे काही चालले नाही. मार्च महिन्यात शवपेट्या उघडण्यात आल्या. आई आणि थोरल्या बहिणीचे सांगाडे उरले होते. मर्सीचे शव, ऐन हिवाळ्यात दोनच महिने झालेले असल्याने, टिकून होते, आणि हृदयात रक्त होते. तेथे हजर असलेले डॉक्टर मेटकाफ यांनी हे सारे स्वाभाविक आहे, फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत, असे सांगितले. कोणी ऐकले नाही. हृदय जाळून त्याची राख एडविनला पाजण्यात आली. मे महिन्यात तो वारला.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे १८८२ मध्ये जाहीर केले होते. त्या घटनेला तेव्हा दहा वर्षे उलटली होती. ज्ञान अस्तित्वात होते, ते त्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते. तथापि गावकऱ्यांना केवळ अडाणी म्हणून सोडून देता येत नाही. हा रोग घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो, जो आधी गेला त्याच्यापासून मागे राहिलेल्याला धोका असतो, हे त्यांनी नेमके हेरले होते. आज आपण क्षयरुग्णाच्या घरातील प्रत्येक मुलाची तपासणी करतो, ती याच निरीक्षणाच्या आधारावर. त्यांना साखळी दिसली, पण कडी दिसली नाही. रिकाम्या जागी त्यांनी पिशाच बसविले.

ब्रॅम स्टोकर यांच्या कागदपत्रांत न्यू इंग्लंडमधील अशा प्रकारांविषयीचे, १८९६ सालच्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राचे एक कात्रण आहे. पुढच्याच वर्षी 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. त्या दृष्टीने पाहता किंग यांनी ड्रॅक्युलाला अमेरिकेत आणले, त्यापेक्षा त्याला एका जुन्या ओळखीच्या मुलखात आणले, असे म्हणावे लागेल.

डॉक्टर कोडी

कादंबरीत एक तरुण डॉक्टर आहे, जिमी कोडी. मॅट बर्क नावाचे वयस्क शिक्षक प्रथम संशय घेतात, आणि हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात पडतात. कोडी हा त्यांचा जुना विद्यार्थी. आपल्या गुरुजींच्या तोंडून व्हॅम्पायर हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरने काय करावे? तो हसत नाही, आणि लगेच विश्वासही ठेवीत नाही. तो पुरावा मागतो. डॅनीचे थडगे उघडून पाहण्याचा विचार करतो. तोच मुलाच्या आईच्या मृत्यूची वार्ता येते, आणि कोडी लेखकासह तिच्या शवाजवळ रात्र काढतो. संरक्षणासाठी क्रूस हवा म्हणून जीभ दाबायच्या दोन लाकडी पट्ट्या चिकटपट्टीने जोडून तो तयार केला जातो. आपण दिवसाकाठी जो टंग डिप्रेसर डझनांनी वापरून टाकून देतो, त्याचा असा उपयोग वाचून मला हसू आले, आणि पुढच्या दोन पानांनी ते हसू पुसून टाकले.

त्या रात्री जे दिसते, ते पाहिल्यानंतर कोडी आपले मत बदलतो. मला हे पात्र आवडते ते यासाठी. वैज्ञानिक वृत्ती म्हणजे काही गोष्टी अशक्य आहेत असे आधी ठरविणे, अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. कोडीच्या लेखी ती वृत्ती म्हणजे नको असलेला पुरावाही नोंदवून ठेवणे. पुढे एक निळा खडूचा डाग त्याला मूळ ठिकाणापर्यंत नेतो. निळा खडू म्हणजे शाळेचा फळा, असे प्रथम वाटते. नंतर लक्षात येते, की पूल या खेळाच्या काठीच्या टोकालाही निळाच खडू लावतात, आणि पूलचे टेबल गावात कोणत्या तळघरात आहे ते आठवते. हे शुद्ध विभेदक निदान आहे. एकच लक्षण, दोन कारणे, आणि त्यांतले कमी परिचित कारण खरे.

याउलट मार्क पेट्री या मुलाचे वडील. सुशिक्षित, सुव्यवस्थित, विवेकवादी गृहस्थ. घरात धोका शिरतो आहे असे मुलगा आणि धर्मगुरू येऊन सांगतात, तेव्हा ते शांतपणे सांगतात, की असे असूच शकत नाही. त्यांचे वाक्य तर्कशुद्ध आहे. त्यांनी फक्त मुलाला एकही प्रश्न विचारलेला नाही.

खिडकीबाहेरचा मित्र

मार्क बारा वर्षांचा आहे. त्याच्या खोलीत राक्षस, पिशाचे यांची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती-चित्रे मांडलेली आहेत. एका रात्री मेलेला डॅनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर येतो आणि आत घे म्हणून विनवतो. बोलावल्याखेरीज त्याला आत येता येत नाही, हा जुना नियम. मार्क आपल्या खेळण्यातल्या दफनभूमीवरचा प्लास्टिकचा क्रूस उचलतो आणि त्याला घालवून देतो. नंतर थोड्याच वेळात झोपी जातो. इथे लेखक काही ओळी थांबतो आणि मुलांच्या भयाविषयी लिहितो. मोठ्यांची भीती कर्जाची, नोकरीची, आजाराची. ती चारचौघांत बोलता येते. मुलाची भीती पलंगाखालची, आणि तिच्याशी ते रोज रात्री एकटेच झुंजत असते. त्या भीतीवर लेखकाच्या मते एकच उतारा आहे. कल्पनाशक्ती हळूहळू कडक होत जाते, आणि त्यालाच आपण मोठे होणे म्हणतो.

पालक माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांत 'रात्री घाबरून उठतो' ही नेहमीची आहे. आपण त्यांना समजावून सांगतो, की झोपेच्या पहिल्या प्रहरात मूल किंचाळून उठते, डोळे उघडे असूनही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, ती गाढ झोपेतली नाइट टेरर. तिला औषध लागत नाही, वयानुसार ती जाते. पहाटेकडे जागे होऊन जे मूल स्वप्न सांगते, ते दुःस्वप्न. तीन ते सहा वर्षांच्या वयात अंधाराची आणि भुताची भीती वाढीचाच भाग असते. हे सर्व खरे आहे, आणि पालकांना त्याने दिलासा मिळतो. पण हे सांगण्यापूर्वी मुलाला काय दिसले वा ऐकू आले, हे विचारणे राहून जाऊ नये.

एम.डी. झाल्यावर मी काही वर्षे माळव्यातील एका तहसिलीच्या गावी दवाखाना चालविला. तेथील एक मुलगा या पुस्तकाच्या निमित्ताने पुन्हा आठवला. वय नऊ. महिनाभर झोप नाही, वजन उतरलेले, गळ्यात दोन ताईत.

आई म्हणाली, "डॉक्टरबाई, याला ऊपरी हवा लागली आहे असं सगळे म्हणतात. भिंतीतून कोणी रडतं म्हणतो."

तपासणीत काही आढळले नाही. मी मुलाला विचारले, "कोणती भिंत रे?"

"पलंगाजवळची."

"रोज रडतं का?"

"रोज नाही. ज्या दिवशी काका उशिरा येतात त्या दिवशी."

"कोणते काका?"

मुलाने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे घर होते. तेथील गृहस्थ पिऊन येत आणि बायकोला मारीत. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होते. मुलाने विचारले तेव्हा घरच्यांनी, 'काही नाही, तुला भास होतो, झोप मुकाट्याने', असे सांगितले होते. त्याच्यापुढे दोनच पर्याय उरले होते. आपले कान खोटे, किंवा आई खोटी. नऊ वर्षांच्या मुलाने त्यातून तिसरा मार्ग काढला, आणि भिंतीत भूत बसविले. एक्सेटरच्या गावकऱ्यांनी जे केले, तेच.

मी औषध लिहिले नाही. आईला म्हटले, "त्याला खरं सांगा. पलीकडची काकू रडते, तू बरोबर ऐकलंस, एवढं म्हणा. आणि तिच्यासाठी काय करता येईल ते घरात मोठ्यांशी बोला." पंधरा दिवसांनी ती परत आली. मुलगा झोपू लागला होता. त्याची आजी गल्लीतल्या आणखी दोन वयस्क बायकांना घेऊन रात्रीच शेजारच्या दारावर जाऊन उभी राहिली होती. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, ही गोष्ट त्याच्या आधीची आहे. मार एका रात्रीत थांबला असे मी म्हणणार नाही. पण आपले दार बाहेरून वाजू शकते, हे त्या माणसाला प्रथमच कळले.

जे दिसत होते ते

'सेलम्स लॉट'मधील सर्वांत भयंकर पान कोणते, असे मला विचाराल तर ते पिशाचाचे नाही. गावात एका ट्रेलरमध्ये सतरा वर्षांची आई आणि तिचे दहा महिन्यांचे बाळ राहते. बाळ रडते, आणि ती त्याला मारते. पिशाच गावात पसरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम'वरील आपला प्रसिद्ध शोधनिबंध १९६२ मध्ये लिहिला. क्ष-किरणात जुने-नवे अस्थिभंग एकत्र दिसले तर ते अपघात नव्हेत, हे तोवर डॉक्टरांनाही मान्य करवत नव्हते. आईबाप असे करूच शकत नाहीत, हा विश्वास आड येत होता. तेरा वर्षांनी किंग यांनी तेच दृश्य एका भयकथेत ठेवले, आणि त्याच्या आगेमागे पिशाचाची कथा गुंफली. वाचकाला हळूहळू कळते, की गाव पिशाचाला बळी पडते कारण न पाहण्याची सवय त्याला फार आधीपासून आहे. कोणाच्या घरात काय चालते ते सर्वांना ठाऊक, कुजबुज अखंड, पण सरळ प्रश्न कोणी विचारावयाचा नाही. रस्त्यावरची माणसे एकेक करून दिवसा दिसेनाशी होतात, तेव्हाही शेजारी खिडकीचा पडदा ओढून घेतात. गावचा कॉन्स्टेबल शेवटी गाडीत सामान भरून निघून जातो, आणि जाताना सुचवितो, की हे गाव आधीच मेले होते म्हणून तो येथे आला.

आपल्याकडे २०१२ सालच्या पॉक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळविणे सर्वांवर बंधनकारक केले आहे. त्यात डॉक्टर आलेच. न कळविणे हा गुन्हा आहे. कायदा आवश्यक होता. परंतु तो लागू होण्यापूर्वी मुलाने बोलावे लागते, आणि ते बहुधा सरळ बोलत नाही. ते म्हणते, पोटात दुखते, क्लासला जायचे नाही, त्या जिन्यात भूत आहे. जिन्यात भूत नसते हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच जिन्यात काय आहे, हे विचारणे आपल्यावर येते.

धारपांची आठवण

मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'लुचाई' ही कादंबरी याच कथेवर बेतलेली आहे. माझ्या पिढीतील अनेकांनी ती आधी वाचली, आणि मूळ पुस्तक पुष्कळ नंतर. शाळकरी वयात वाचनालयातून आणलेली धारपांची पुस्तके कंदिलाच्या नव्हे, ट्यूबलाइटच्या उजेडात वाचतानाही आपण पाय पलंगावर घेत असू. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी त्या वाचनाला निराळी खोली दिली. या लेखकांना समीक्षकांनी दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले. मला वाटते, आपल्या भाषेत मुलांच्या भयाला प्रतिष्ठेने वागविणारे जे थोडे लोक झाले, त्यांत या दोघांचे नाव घ्यावे लागेल.

मूळ पुस्तकात दोष नाहीत असे नाही. ते लांबट आहे. गावातील इतकी माणसे येतात, की पहिल्या शंभर पानांत कागद-पेन्सिल घेऊन बसावेसे वाटते. शेवटच्या भागात धावपळ वाढते आणि गावाचे सूक्ष्म चित्रण मागे पडते. सुसान ही नायिका लेखकाने अधिक काळजीने घडवावयास हवी होती. इंग्रजी बोलीभाषेतील आहे, त्यामुळे प्रथम थोडी अडचण वाटते, पुढे ती उरत नाही.

आणखी एक विचार मांडते, तो आपल्या सर्वांसाठी आहे, केवळ डॉक्टरांसाठी नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले आपण मराठी लोक मोठ्या शहरात राहूनही एका लहान गावातच राहतो. आडनाव सांगितले की घर कळते, घर कळले की आजोबा कळतात. गणेशोत्सवाच्या मंडपात, हळदीकुंकवाला, दिवाळी पहाटेच्या मैफलीत तीच माणसे भेटतात. ही आपली केवढी तरी मोठी शक्ती आहे. कोणाचे मूल आजारी पडले तर रात्री दोन वाजता कोणालाही उठवावे, असा हा गोतावळा आहे. पण याच जवळिकीमुळे काही दारे आपण वाजवीत नाही. 'त्यांच्या घरचा प्रश्न', 'एवढे प्रतिष्ठित घराणे', 'उगाच वाईटपणा कशाला' ही वाक्ये आपल्याही तोंडी आहेत. जेरुसलेम्स लॉटचे लोकही वाईट नव्हते. ते फक्त भिडस्त होते.

तेव्हा सहव्यवसायी मित्रमैत्रिणींनो, सवड मिळेल तेव्हा हे पुस्तक अवश्य वाचावे. दिवसा वाचावे, हा वैद्यकीय सल्ला. 'लुचाई' घरात असेल तर ती आधी काढावी, नसेल तर एखाद्या जुन्या वाचनालयात चौकशी करावी. आणि पुढच्या वेळी ओपीडीत एखादे मूल म्हणाले, की रात्री खिडकीत कोणी येते, तर प्रतीक्षेत आणखी वीस रुग्ण असले तरी पेन खाली ठेवून त्याला एवढे विचारावे, की कोण येते, केव्हा येते, आणि काय म्हणते. दहांपैकी नऊ वेळा उत्तर पडद्याच्या सावलीवर संपेल, आणि मूल हसत घरी जाईल. दहाव्या मुलासाठी मात्र तो प्रश्न कोणीतरी विचारलेला असणे आवश्यक आहे.